तळ किती मीटरवर?

आपला धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की हात आपोआप एक्सेलकडे वळतो. फ्रिज घेताना एक्सेल, भाड्याचं घर बघताना एक्सेल. तेव्हा "पुढच्या सुट्टीत मला पाण्याखालचं जहाज बघायचंय" असं बायकोने जाहीर केल्यावर त्याच रात्री 'जहाजं' नावाची शीट तयार झाली, यात नवल नाही. आम्ही दोघंही स्कूबात नवशिके. ओपन वॉटरचं कार्ड मिळून चार महिने झालेले, नावावर प्रत्येकी नऊ डाइव्ह. या कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

शीटमध्ये मी मोठ्या हुशारीने एक कॉलम टाकला: 'जहाजाचा वरचा भाग किती मीटरवर'. १८ च्या आत असेल तर पास, नाहीतर नापास. या हिशेबाने सायप्रसची झेनोबिया पास झाली. १९८० मध्ये पहिल्याच सफरीत लार्नाकाजवळ बुडालेली ही अवाढव्य फेरी आडवी पडली आहे आणि तिची वरची बाजू साधारण १६ मीटरवर आहे. तांबड्या समुद्रातली थिसलगॉर्मही पास. १९४१ मध्ये जर्मन विमानांनी बुडवलेलं हे मालवाहू जहाज, पोटात अजूनही मोटारसायकली आणि ट्रक. फोटो बघून तर मी वेडाच झालो होतो. पण दोन्हीकडचा खर्च बघितल्यावर वेड आपोआप उतरलं, आणि आम्ही बालीच्या तुलांबेनला जायचं ठरवलं. तिथे किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरलं की समोर लिबर्टी.

लिबर्टीची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकन सैन्याचं हे मालवाहू जहाज, लांबी जवळजवळ १२५ मीटर. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. ओढून बंदरात न्यायचा प्रयत्न झाला, पण पाणी फार भरलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते वीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्या दणक्यात जहाज घसरून पाण्यात गेलं. आता ते किनाऱ्याला जवळपास समांतर, उतारावर कलंडून पडलं आहे. वरचा भाग ५ मीटरच्या आसपास, खालचा ३० च्या घरात. माझ्या शीटमध्ये अर्थातच एकच आकडा होता: ५. डिस्टिंक्शन!

किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोल गोटे. त्या गोट्यांवरून गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन अनवाणी झपझप जातात आणि आपण दोन्ही हातांनी तोल सावरत म्हाताऱ्यासारखे मागे. असो.

पाण्यात शिरल्यावर दोन मिनिटांत जहाज दिसलं आणि मी सगळं विसरलो. म्हणजे अक्षरशः सगळं. लोखंडाच्या फासळ्यांवर प्रवाळ, मधून माशांचे थवे, वरून उन्हाचे पट्टे. गाइडच्या मागे मी, माझ्या मागे बायको. एका जागी जहाजाच्या बाजूला मोठं भगदाड होतं आणि पलीकडे निळा उजेड दिसत होता. गाइड तिथे न थांबता वरून पुढे गेला. मी मात्र आत शिरलो. मागे वळून बघितलंही नाही. आत माझा पाय कशाला तरी लागला आणि गंजाचा, गाळाचा धुरळा उठला. चार-पाच सेकंद काहीच दिसेना. कसाबसा पलीकडून बाहेर आलो, तर तिथे कोणीच नाही. कॉम्प्युटरवर २३ मीटर. सुरुवातीला २०० बार असलेली हवा ७० वर आलेली.

बडी हरवला की एक मिनिट शोधायचं आणि नाही सापडला तर सावकाश वर यायचं, हा नियम परीक्षेत मी बरोबर लिहिला होता. ते एक मिनिट किती लांब असतं हे लिहिलं नव्हतं. मी वर आलो तेव्हा ती गाइडबरोबर पाण्यावर तरंगत होती. मला शोधण्यासाठी सगळ्यांनी डाइव्ह अर्धवट सोडलेली. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "मागे मी आहे की नाही, एकदा तरी बघितलंस का?"

संध्याकाळी जेवताना आमच्यात फक्त "मीठ दे" एवढाच संवाद झाला.

रात्री ती झोपल्यावर मी शीट उघडली आणि माझा मूर्खपणा नीट दिसला. जहाजाचा वरचा भाग किती मीटरवर, हा प्रश्नच चुकीचा. नवशिक्या माणसाने विचारायचं की तळ किती मीटरवर आहे. पाणी स्वच्छ असलं की खोली डोळ्यांना कळत नाही. एका माशामागे उतरावरून जात राहायचं, कान एकदा मोकळे करायचे, की आलेच २० मीटर. आणि २० मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या तिप्पट, म्हणजे हवाही तिप्पट वेगाने संपते. घाबरलेला माणूस त्यावर आणखी धापा टाकतो ते वेगळंच. १२ मीटरवर सपाट वाळू असेल तर ठरवूनही त्याच्या खाली जाता येत नाही. झेनोबियाचा तळ ४२ मीटरवर आहे! थिसलगॉर्मचा ३० च्या आसपास, वर उघड्या समुद्रातला प्रवाह. दोन्ही जहाजं उत्तम, पण पन्नास डाइव्हनंतर.

दुसरा कॉलम भगदाडांचा. एरवी पाण्यात काहीही झालं तरी डोक्यावर पाण्याचा पृष्ठभाग असतो, जहाजाच्या आत डोक्यावर लोखंड असतं. आत शिरायचं वेगळं प्रशिक्षण असतं, दोरी-टॉर्च असतात, आणि ते शिकलेले लोकसुद्धा उजेड दिसेल इतपतच जातात. मुद्दाम बुडवलेली जहाजं या बाबतीत जरा बरी, कारण बुडवण्याआधी तेल-वायरी काढून, दारं काढून, मोठी भोकं पाडून ठेवतात. तरी आपल्यासारख्यांनी बाहेरूनच बघावं. प्रवाह आणि पाण्याची स्वच्छता हे कॉलम नंतर आले. गोव्यालाही ग्रँड आयलंडजवळ एक बुडालेलं जहाज आहे, पण तिथलं पाणी अनेकदा इतकं गढूळ की कमी खोलीतही बडी दिसेनासा होतो.

सकाळी मी शीट तिच्यासमोर ठेवली. माफीपेक्षा हे सोपं होतं. तिने ती पूर्ण वाचली आणि म्हणाली, "मग आज तळ उथळ असलेलं जहाज शोध."

ते सापडलं बान्युनिंगला, आमेदच्या पलीकडे. जपानी जहाज म्हणतात त्याला. लिबर्टीपुढे अगदीच पिल्लू, तेही मोडकळीला आलेलं, ६ ते १२ मीटरमध्ये. स्नॉर्कल लावून वरून तरंगणाऱ्या लोकांनाही दिसतं. इंटरनेटवर याचे थरारक फोटो नाहीत, म्हणून माझ्या शीटमध्ये ते नव्हतंच. आम्ही तिथे पन्नास मिनिटं होतो. घाई नाही, आकड्यांची भीती नाही, दर दोन मिनिटांनी मी मागे वळून बघत होतो आणि ती हाताने ओके करत होती. पाचव्यांदा तिने ओके केलं नाही, नुसते डोळे फिरवले. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी पहाटे लिबर्टीवर परत गेलो. तुलांबेनला पहाटेच जावं, कारण नंतर दक्षिण बालीतून गाड्या भरभरून डायव्हर येतात. गाइडला आधीच सांगितलं, १५ मीटरच्या खाली जायचं नाही आणि आत शिरायचं नाही. त्याने नुसती मान हलवली, जणू हे रोजचंच. कपाळावर टेंगूळ असलेल्या मोठ्या पोपटमाशांचा कळप दिसला, म्हशींसारखे संथ. परतीचा तीन मिनिटांचा ५ मीटरवरचा थांबा उतारावरच, गोट्यांवर तरंगत झाला. वाटेत ते भगदाड आलं. बायकोने माझा सिलिंडर पकडून ठेवला होता.

नौदलाने २०२४ मध्ये निवृत्त केलेली गुलदार निवती रॉकजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना जाहीर झाली, तेव्हा मी उड्या मारत ती बातमी तिला वाचून दाखवली. आपलं सिंधुदुर्ग, मराठीत बोलणारा गाइड, वर परतीला सोलकढी!

"तळ किती मीटरवर?" तिने विचारलं.