अपुरी बाही

लहान मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कथांतून जादू करणाऱ्या मुली पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकींच्या हाती छडी किंवा अंगठी, निदान ओठांवर एखादा मंत्र तरी असतोच. परंतु हान्स क्रिस्टियन अँडरसनने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या रानहंसांच्या कथेतील एलिझाजवळ यांपैकी काहीही नाही. तिच्या हातांवर फोड आहेत आणि वाणीला बंदी आहे. सावत्र आईने तिच्या अकरा भावांना हंस करून हाकलून दिले आहे. सूर्य मावळला की तेवढे ते माणसे होतात. त्यांच्या मुक्ततेचा उपाय एक परी तिला स्वप्नात सांगते, तो असा की, नेटल नावाची अंगाची आग करणारी वनस्पती आपल्या हातांनी खुडावी, अनवाणी पायांनी तुडवावी, तिच्या तंतूंचे अकरा अंगरखे विणावेत, आणि कामाला हात घातल्या क्षणापासून ते पुरे होईतो, मग वर्षे का लोटेनात, मुखातून एक अक्षर काढू नये. काढले तर ते सुरीसारखे भावांच्या काळजात शिरेल.

चातुर्मासात कहाण्या वाचणाऱ्या माझ्या आजीला ही हकीकत कोणी ऐकवली असती, तर जादूटोण्याचा विचारही तिच्या मनाला शिवला नसता. पोरीने वसा घेतला, एवढेच ती म्हणाली असती. आणि मलाही तेच खरे वाटते.

नेटलचे आपल्याकडच्या खाजकुइलीशी कूळ जुळत नाही, पण दाहापुरते दोघींचे सख्य आहे. नेटलच्या अंगावरचे सूक्ष्म पोकळ केस काचेसारखे ठिसूळ असतात. स्पर्श होताच त्यांची टोके मोडतात आणि आतला दाहक रस कातडीत उतरतो. मनुष्याच्या दीर्घ वास्तव्याने कसदार झालेली माती तिला मानवते, म्हणून ओसाड घरांच्या जोत्यांभोवती आणि जुन्या स्मशानभूमींत ती माजते. तिच्यापासून वस्त्र होते, ही मात्र कवीची कल्पना नव्हे. अँडरसनचे जन्मगाव ओडेन्स ज्या फ्यून बेटावर आहे, त्याच बेटावरील व्होल्डटॉफ्टे येथील एका प्राचीन टेकाडात, सुमारे २८०० वर्षांपूर्वी मृत झालेल्या कोणा श्रीमंत पुरुषाच्या अस्थी काशाच्या कलशात ठेवलेल्या सापडल्या, आणि त्या ज्या कापडात गुंडाळल्या होत्या ते नेटलच्या तंतूंचे निघाले. कथा लिहिली गेली तेव्हा या कापडाची कोणाला वार्ताही नव्हती. परंतु मोची बाप आणि धुणी धुणारी आई यांच्या पोटी १८०५ साली जन्मलेला हा मुलगा, आपली आजी वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेची निगा राखी त्या नात्याने, तेथील सूत कातणाऱ्या दरिद्री म्हाताऱ्यांच्या खोलीत जाऊन बसे आणि त्यांच्या तोंडच्या गोष्टी ऐकत राही. धागा ओढता ओढता बोटे कशी सोलवटतात, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे.

वनात सापडलेल्या या अबोल मुलीला एक राजा राणी करून नेतो. विणता विणता तंतू संपतात, आणि हवे असलेले नेटल तर फक्त दफनभूमीत उगवते. म्हणून ती मध्यरात्री एकटी तिकडे जाते, आणि राज्याचा मुख्य धर्माधिकारी ते पाहतो आणि तिला चेटकीण समजतो. मनाई कशाची होती? बाईने रात्री एकटीने बाहेर पडण्याची, आणि विचारल्यावर कैफियत न देण्याची. अँडरसनच्या डेन्मार्कच्या दप्तरात अशा संशयाचा इतिहास आहे. राजा चौथा क्रिस्टियन याने १६१७ साली चेटकाविरुद्ध फर्मान काढून सैतानाशी संधान बांधणाऱ्यांस अग्नीची सजा ठरवली. आणि १६९३ साली ॲने पॅलेस या वृद्धेचा शिरच्छेद करून तिचा देह जाळण्यात आला, तेव्हा कुठे न्यायासनाच्या हुकुमाने होणारी ही हत्या तेथे थांबली. अँडरसन जन्मला तो त्यानंतर अवघ्या शंभराहून थोड्या अधिक वर्षांनी.

कथेतला एक प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो. धर्माधिकारी राजाजवळ फिर्याद सांगत असता देवळातील संतांच्या कोरीव मूर्ती माना हलवतात. एलिझा निरपराध आहे, असेच जणू त्यांना म्हणायचे असते. पण ती हालचाल पाहून तो म्हणतो की, संतही तिच्या पापाने व्यथित झाले. मूर्तींनी दिलेली साक्षसुद्धा ज्याच्या हाती निवाडा त्याच्याच बाजूने लिहून घेतली जाते.

ही गोष्ट मी माझ्या आठ वर्षांच्या भाचीला वाचून दाखवीत होतो. ती मध्येच म्हणाली, "मामा, बोलायचं नव्हतं ना? मग लिहून का नाही सांगितलं तिनं?" मी पाने मागे उलटली. आरंभीच्या सुखाच्या दिवसांत अकरा भाऊ हिऱ्याच्या लेखण्यांनी सोन्याच्या पाट्यांवर लिहीत आहेत, आणि एलिझा काचेच्या चिमुकल्या चौरंगावर बसून चित्रांचे पुस्तक पाहते आहे, ज्याची किंमत अर्धे राज्य. पुढे तिला लहानपणीच खेड्यात शेतकऱ्याच्या घरी धाडण्यात येते. तिच्या हाती पाटी दिल्याचा उल्लेख मला कोठेच सापडला नाही. भाचीला मी तसे सांगितले, आणि ती बराच वेळ गप्प राहिली.

जाळण्याची शिक्षा झाल्यावर तिला कोठडीत टाकतात, उशाला नेटलचा भारा आणि पांघरायला तिचेच दाहक अंगरखे देऊन. छळासाठी दिलेले हेच नेमके तिला हवे होते. उंदीर पाल्याच्या काड्या ओढत तिच्या पायांशी आणतात, खिडकीशी एक पाखरू रात्रभर गाते, ती विणत राहते; वधस्थानाकडे निघालेल्या गाडीतही बोटे थांबत नाहीत. जमाव ते विणकाम फाडायला धावतो तोच अकरा हंस उतरतात, ती अंगरखे त्यांच्यावर फेकते आणि अकरा राजपुत्र उभे राहतात. धाकट्याच्या अंगरख्याची एक बाही तेवढी राहून गेलेली असते, म्हणून त्याला एका हाताच्या जागी हंसाचा पंखच राहतो.

आमच्या कहाण्यांतून वसा अपुरा राहिला की देव कोपतात, वैभव जाते, पुन्हा वनवास येतो. येथे त्या अपुऱ्या बाहीबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. "आता मी बोलू शकते, मी निरपराध आहे," एवढे म्हणून एलिझा मूर्च्छित होते, सारी हकीकत थोरला भाऊ सांगतो, चितेच्या लाकडांना मुळे फुटून तांबड्या गुलाबांचे कुंपण उभे राहते, आणि मिरवणूक राजवाड्याकडे परत निघते. त्या मिरवणुकीत धाकटा कोठे चालला होता, हे अँडरसनने लिहिलेले नाही. आमच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर भाचीने पेन्सिलीने ती मिरवणूक काढली आहे. तीत तो बहिणीला अगदी लागून चालला आहे, आणि त्याचा पंख तिच्या फोड आलेल्या हातांवर आहे.