एका इन्क्लुडची किंमत

अर्जुनी मोरगावात घरी बसून काम करतो, पण आज दिवसभर डोक्यात हेडर फाइल्सच होत्या. हेडरमधल्या एका स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं आणि जवळजवळ सगळा प्रकल्प नव्यानं कंपाइल व्हायला लागला. जीसीसी कंपायलरला ‘-H’ पर्याय दिला की कोणतं हेडर कोणाला ओढून आणतं, ते पायरीपायरीनं दिसतं. आमच्याकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांसारखंच हे: वरचा भरला की सांडव्याचं पाणी खालच्यात. पण ते तलाव कोणीतरी उतार बघून बांधले. ही साखळी घाईघाईत वाढत गेली.

लिनक्स कर्नलही यातून सुटलेलं नाही. कर्नल विकासक इंगो मोल्नार यांनी वर्षाहून जास्त काळ हाच गुंता सोडवला आणि जानेवारी २०२२ मध्ये २,२०० हून अधिक पॅचेस मांडले. बिल्डचा वेग ५० ते ८० टक्के वाढल्याचं त्यांनी सांगितलं. एवढा मोठा बदल एका घासात गिळणं मात्र कोणालाच सोपं नव्हतं.

उपाय तसे जुनेच. नुसता पॉइंटर लागत असेल तर स्ट्रक्टचं नाव आधी जाहीर करणं पुरतं. आतली रचना कंपायलरला नको असते. प्रकारांचं हेडर वेगळं, इनलाइन फंक्शनांचं वेगळं ठेवावं. प्रत्येक सी फाइलनं स्वतःचं हेडर सर्वांत आधी इन्क्लुड करावं, म्हणजे त्यात काय राहून गेलंय ते लगेच कळतं.

इन्क्लुड लिहायला क्षण पुरतो, काढायला महिने लागतात. म्हणून लिहितानाच विचारा: हे खरंच लागतं का?