पंधरा आँगस्ट्रॉम

माझा एक मित्र पीएचडी करतोय. विषय, 'लेयर्ड मेटल फॉस्फोनेट'. चॅटवर सहज विचारलं, "म्हणजे नक्की करतोस काय रे?" उत्तर आलं, "पुस्तकाच्या पानांमध्ये बोटं घालतो."

मग काय, शनिवार त्यातच गेला. तर मंडळी, झिर्कोनियमचा क्षार आणि फॉस्फोनिक आम्ल एकत्र केलं की लगेच जेलीसारखा साका बसतो. सगळी पानं विस्कटलेली. म्हणून त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल घालतात. ते झिर्कोनियमला धरून ठेवतं, गरम करत राहिलं की हळूहळू सोडतं, आणि थर नीट लागतात. (हे आम्ल काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची!) दोन थरांतलं अंतर मोजायचं एक्स-रेने. साध्या झिर्कोनियम फॉस्फेटमध्ये ते ७.६ आँगस्ट्रॉम. एक आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. इटलीत पेरुजियाच्या अल्बर्टी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये फॉस्फोनेट वापरून थरांमध्ये बेंझिनची कडी अडकवली, आणि अंतर पंधराच्या आसपास गेलं.

पंधरा हा आकडा आमच्या बडनेऱ्यातही आहे. वऱ्हाडातली काळी माती म्हणजे बेसॉल्ट झिजून झालेली स्मेक्टाइट चिकणमाती, तीही थरांचीच. कोरडी असताना अंतर साधारण दहा आँगस्ट्रॉम. पाण्याचे दोन थर आत शिरले की पंधरा. फरक एवढाच की फॉस्फोनेटमधली कडी थराला पक्की जोडलेली असते, धुऊन जात नाही. आमच्याकडे पाणी जूनमध्ये येतं आणि एप्रिलपर्यंत निघून जातं. माती फुगते, आकसते, आणि वर उभ्या घराला दर वर्षी नवा तडा.

बाबांची सगळी पुंजी त्या घरात आहे. दर दिवाळीला गवंडी तडे बुजवतो, रंग होतो. मी पुण्याहून फोनवर चिडचिड करतो, तर म्हणतात, "अरे बाबू, काया मातीतलं घर आहे, थे हालनच."

हालायलाच पाहिजे असं नाही हो! रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल काढले ते याच मातीसाठी. मुंबई आयआयटीच्या आर. के. कट्टींनी पायाखाली न फुगणाऱ्या मातीचा थर घालायची पद्धत बसवली. पण हे सगळं बांधायच्या आधी. उभ्या घराला एक उपाय, पायाजवळचा ओलावा वर्षभर सारखा ठेवायचा. म्हणजे भोवती फरशी, गच्चीचं पाणी पाइपने लांब, आणि भिंतीलगत मोठं झाड नको.

पहिली दोन कामं मार्चमध्ये झाली. झाड म्हणजे आजोबांनी लावलेला कडुनिंब. उन्हाळ्यात आई त्याच्याच सावलीत पापड घालते. त्यावर घरात अजून कुणी बोलायला तयार नाही.