हयातीचा दाखला

साडेसातशे पानांचं बाड पाहून आम्ही बँकवाले घाबरत नाही. लेजरं याहून जाड होती आणि त्यांत प्रेमप्रकरणं नव्हती. पण लेजरची बेरीज शेवटी जुळायची. ‘ब्रेकिंग डॉन’ची बेरीज जुळत नाही, अशी वाचकांची तक्रार आहे, आणि या तक्रारीत मी त्यांच्या बाजूचा नाही.

स्टेफनी मेयर या अमेरिकन बाईंच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेचं हे चौथं आणि शेवटचं पुस्तक. 2 ऑगस्ट 2008 रोजी ते निघालं आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी 13 लाख प्रती खपल्या. एवढी झुंबड मी फक्त 2016 च्या नोटाबंदीत पाहिली.

गोष्ट फोर्क्स नावाच्या पावसाळी गावातली. बेला ही तिथल्या पोलीसप्रमुखाची, चार्लीची मुलगी. तिचं प्रेम एडवर्डवर. हा 1901 सालचा जन्म. 1918 च्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झाला आणि तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिला. त्याच्या घरची मंडळी माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितात आणि स्वतःला ‘शाकाहारी’ म्हणवतात. (आमच्या सोसायटीत केकमधलं अंडं चालणारे शाकाहारी आहेत, त्यामुळे मला हे जड गेलं नाही.)

मला चिंता निराळीच. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला आमच्या काउंटरवर येतात. उद्या एडवर्ड आला तर? जन्मसाल 1901, चेहरा कॉलेजकुमाराचा, हात बर्फासारखा, नाडीचा पत्ता नाही. हयात म्हणावं तर ऑडिटवाले धरणार, नाही म्हणावं तर तो समोर उभा राहून हसतोय! बाईंनाही ही अडचण ठाऊक असावी, कारण खोटे पासपोर्ट करून देणारा सिएटलचा एक जेंक्स त्यांनी कथेत ठेवलाच आहे.

तर या शेवटच्या भागात लग्न होतं, ब्राझीलजवळच्या बेटावर मधुचंद्र होतो, अर्धी माणूस अर्धी व्हॅम्पायर अशी मुलगी होते आणि बाळंतपणात मरायला टेकलेल्या बेलाला एडवर्ड व्हॅम्पायर करून वाचवतो. मुलीचं नाव रेनेस्मी. रेने आणि एस्मे या दोन आज्यांची नावं जोडून ठेवलेलं. आपल्याकडे असं नाव बंगल्याला देतात.

मग इटलीहून व्होल्तुरी येतात. हे व्हॅम्पायरांचं हेड ऑफिस. एका बाईने लांबून पाहून तक्रार केलेली असते की, यांनी चावून नियमबाह्य मूल बनवलं आहे. दोन्ही बाजू साक्षीदार गोळा करतात, बर्फाळ माळावर समोरासमोर उभ्या राहतात, आणि लढाई होतच नाही! तक्रार खोटी ठरते, तक्रारदारणीला जागच्या जागी संपवतात, आणि दक्षिण अमेरिकेतून असाच एक दीडशे वर्षांचा अर्धामुर्धा तरुण आणून हजर केला जातो. म्हणजे पूर्वीचं उदाहरण सापडलं. पूर्वीचं उदाहरण सापडल्यावर हेड ऑफिस परत जातं, हे मी सव्वीस वर्षं पाहतो आहे.

वाचक मात्र भडकले. 2012 च्या सिनेमात मुंडकी उडवावी लागली, आणि मग ते सगळं भविष्यातलं दृश्य होतं असं सांगून ती परत बसवावी लागली. वास्तविक बाईंनी आधीच इशारा दिला होता. जेंक्सचं नाव बेलाला सापडतं ते ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या प्रतीत. तो तर सरळ वसुलीचा खटला. सुरी परजून तयार, आणि रक्ताचा थेंब नाही.

मी पुस्तक मिटून बसलो ते वेगळ्याच पानावर. व्हॅम्पायर झालेली बेला बापाला भेटते तेव्हा लाल झालेल्या डोळ्यांवर तपकिरी लेन्सा लावून बसते. बाळ नात्यातलं, दत्तक घेतलेलं, असं त्याला सांगतात. चार्ली पोलिसातला माणूस. बाळाचे डोळे आपल्या मुलीचे आहेत हे त्याला दिसतं. पण त्याची अट एकच: गरजेपुरतं सांगा, बाकीचं नको, फक्त मुलगी येत-जात राहू दे.

आमची कन्या बंगलोरला नोकरी करते. रविवारी फोन येतो. “जेवलीस का?” “हो बाबा.” मागे कुणीतरी पुरुषी आवाजात चहाला हाक मारतं. मी तिला तिकडचं हवामान विचारतो.

पुस्तक संपतं मात्र नवराबायकोवर. एडवर्डला जगातल्या सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाचं नाही. शेवटच्या पानांत ती आपण होऊन मनाचं दार उघडते आणि याला पहिल्यांदा आतलं सगळं दिसतं. मी हे आमच्या हिला वाचून दाखवलं आणि म्हटलं, “चोवीस वर्षं झाली, एकदा तरी...”

“नको,” ही भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुम्हांला रात्री झोप लागणार नाही. आणि तिला आज दोनदा फोन करू नका, तो मुलगा भेटायला येणार आहे तिकडे.”