विचारायचं राहून गेलं

फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी पेपर चाळताना आतल्या पानावर एक बातमी दिसली. दिल्लीहून पाटण्याला निघालेला एक प्रवासी विमानानं थेट उदयपूरला जाऊन पोचला होता. ३० जानेवारीची ही घटना. तिकीट पाटण्याचं, हातातला पास पाटण्याचा आणि माणूस बसला उदयपूरच्या विमानात. तिथं उतरल्यावर त्यानं सांगितलं, तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याला परत दिल्लीला आणून दुसऱ्या दिवशी पाटण्याला पाठवण्यात आलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं चौकशीचे आदेश दिले होते.

मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि घरात हशा पिकला. सून म्हणाली, "अब्बू, बस चुकली तर समजू शकते, पण विमान कसं चुकतं माणसाचं?"

मी हसलो नाही. सून आमच्या घरात अलीकडं आलेली. तिला ठाऊक नव्हतं की हे आमच्याच घरात घडून गेलेलं आहे. भाईजाननी त्या दिवसानंतर हा विषय घरात काढू दिला नव्हता. मीही काढला नाही, कारण त्यात चूक त्यांच्यापेक्षा माझी जास्त होती.

आम्ही राहतो पिपरी मेघेला. गाव वर्ध्याला इतकं लागून की शहर कुठं संपतं नि पिपरी कुठं सुरू होते हे ऑटोवाल्यालाही सांगता यायचं नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला 'पिपरी' म्हटलं की तो 'पिंपरी' ऐकतो आणि पुढं चिंचवड जोडून मोकळा होतो. नुसतं 'मेघे' म्हणावं तर सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे अशी भावंडं आहेत. त्यातही सिंदी मेघे वेगळं आणि सिंदी रेल्वे वेगळं. आमच्या जवळच्या सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. गांधीजी तिथं राहायला आले आणि त्यांची टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. रेल्वेचंही तेच. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन स्टेशनं अगदी जवळजवळ. सेवाग्राम स्टेशनला पूर्वी वर्धा ईस्ट म्हणत. बल्लारशाहकडून नागपूरला जाणाऱ्या कितीतरी गाड्या वर्ध्याला येतच नाहीत, सेवाग्रामवरूनच पुढं निघून जातात.

अशा मुलखात वाढलेला माणूस विचारल्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाही. "ही गाडी वर्ध्याले थांबते का जी?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. प्लॅटफॉर्मवर एकाला विचारायचं, डब्याच्या दारातल्या माणसाला विचारायचं आणि आत बसल्यावर शेजाऱ्याला पुन्हा विचारायचं. तिघांचं उत्तर एक आलं की मगच चप्पल काढून मांडी घालायची. आमचे भाईजान या बाबतीत सगळ्यांचे उस्ताद. वर्ध्यात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले. कापड कापण्याआधी माप तीनदा घ्यायचे. "एक बार काटा सो काटा," असं म्हणायचे. प्रवासातही त्यांचा हाच हिशेब.

नोव्हेंबर २०१८ मध्ये भाईजान आणि भाभी मुंबईला गेले होते. त्यांची मुलगी कुर्ल्याला असते, तिचं बाळंतपण होतं. भाभी चाळीस दिवसांसाठी तिथंच राहिल्या. भाईजानना दुकानामुळं परतायचं होतं. दिवाळीच्या सुट्ट्या संपत आलेल्या. विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस, दुरांतो, सगळीकडं वेटिंग. जावयानं सासऱ्याच्या हौसेखातर नागपूरचं विमानाचं तिकीट काढून दिलं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यातला त्यांचा पहिला विमानप्रवास, तोही एकट्यानं.

निघायच्या आदल्या रात्री मी फोन केला. मी मराठीचा शिक्षक, दोन-चारदा विमानात बसलेला. त्यामुळं सूचना देण्याचा हक्क माझा. ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा, पानाचा डबा सोबत घेऊ नका, कात्री-टेप दुकानाच्या सवयीनं पिशवीत राहिली असेल तर काढा. हे सगळं सांगून झाल्यावर मी आवाज जरा खाली आणून म्हणालो, "और एक बात भाईजान. वहाँ ज़्यादा बोलना नहीं. किसी को कुछ पूछते मत बैठना. इधर-उधर फिरना नहीं. सब जाते वैसे चुपचाप जाना और बैठ जाना."

ते म्हणाले, "ठीक है."

मी असं का सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही समजावून सांगावं लागलं नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत प्रवासाला निघणाऱ्याला ही सूचना दिली जाते. माझ्या डोक्यात तर ऑगस्ट २००६ ची बातमी पक्की बसलेली होती. ॲम्स्टरडॅमहून मुंबईला निघालेलं एक विमान काही प्रवाशांच्या हालचालींचा संशय आला म्हणून मागं फिरवलं गेलं. नेदरलँड्सची लढाऊ विमानं त्याला सोबत करत परत घेऊन गेली. बारा भारतीय प्रवाशांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी ते सुटले, कारण त्यांच्याविरुद्ध काहीही निघालं नाही. जागा बदलणं, मोबाइल हाताळणं, आपसांत बोलणं, एवढंच संशयाला पुरलं होतं. तेव्हापासून मी स्वतःही विमानतळावर कमी बोलतो. फोन आला तर 'सलाम' न म्हणता 'हॅलो' म्हणतो. ही भीती खरी किती आणि आपण वाढवलेली किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. ती भाईजानच्या पिशवीत मात्र मी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नागपूरला विमानतळावर गेलो. वर्ध्याहून पाऊण-शंभर किलोमीटर. शेजारच्या एका पोराची गाडी केली होती. मुंबईचं विमान आलं, माणसं बाहेर पडली. सुटाबुटातली आली, लेकरांना कडेवर घेतलेली आली, बॅगांच्या ढकलगाड्या आल्या. हळूहळू दार रिकामं झालं. भाईजान आले नाहीत. फोन लावला तर बंद. गाडीवाला पोरगा म्हणाला, "सर, चाचा काहून नाही आले जी? जाऊन विचारा ना."

खरं सांगतो, मी दहा मिनिटं विचारलं नाही. काचेच्या दाराशी बंदूक घेतलेला जवान उभा होता. त्याच्याकडं जायचं, नाव सांगायचं, मग पुढचे प्रश्न, हे सगळं मनात येत राहिलं. वयाची साठी जवळ आलेली, पस्तीस वर्षं पोरांना 'शंका असेल तर हात वर करा' असं सांगण्यात गेलेली, आणि स्वतःचा हात वर जाईना. शेवटी गेलो. जवानानं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंपनीच्या खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीतल्या मुलीनं नाव विचारलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "सर, ते तर विमानात बसलेत. इथं तसंच दिसतंय."

"मग ते कुठं आहेत?"

तिच्याकडं उत्तर नव्हतं. ती उठून आत गेली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. अर्ध्या तासानं माझाच फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून भाईजान.

"अरे, मैं इंदौर में हूँ."

काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुंबईत त्यांच्या विमानाला चालत जायची सोय नव्हती, दारातून बसनं न्यायचे. भाईजान बरोबर रांगेत उभे राहिले. त्यांचा पास यंत्रावर बरोबर वाजला. यंत्राच्या लेखी ते नागपूरच्या विमानात बसले, कारण यंत्राला माणूस दारातून गेलेला कळतो, तो पुढं कुठल्या बसमध्ये चढला हे कळत नाही. बाहेर एकाच कंपनीच्या दोन बस उभ्या होत्या. एक नागपूरच्या विमानाची, दुसरी इंदूरच्या. पुढं एक पांढऱ्या दाढीचे, टोपी घातलेले बुजुर्ग चालले होते. भाईजानना वाटलं, हे आपल्याकडचेच, कामठीचे नाहीतर मोमिनपुऱ्याचे. ते त्यांच्या मागं गेले. ते बुजुर्ग इंदूरचे निघाले.

दोन्ही विमानं दिसायला एकसारखी. शिडीपाशी पास पुन्हा नीट पाहिला असता, तर चूक तिथंच सापडली असती. आत माणसं मोजतात. ती मोजणी नीट जुळवली असती तरी सापडली असती. सोबतचं सामान विमानाच्या पोटात दिलेलं असतं, तर त्याचा मालक शोधताना गोंधळ उघडा पडला असता. भाईजानजवळ एकच हातपिशवी होती. त्यांच्या जागेवर दुसरा प्रवासी आला. दोघांच्या पासावर एकच आकडा. भाईजान लगेच उठून उभे राहिले. गडबडीत तिथल्या मुलीनं त्यांना मागच्या रिकाम्या जागेवर बसवलं. पासावरचं गाव कुणी वाचलं नाही.

एवढ्या दारांतून माणूस चुकीचा जाऊ शकतो, हे पटायला जड जातं. पण तसं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीहून इंदूरला निघालेला एक प्रवासी नागपूरला येऊन उतरला होता, तेव्हाही पेपरात आलं होतं. प्रत्येक दारावरच्या माणसाला वाटतं, आधीच्या दारावर पाहिलंच असेल.

पण या सगळ्या दारांनंतर आणखी एक दार होतं, ते म्हणजे भाईजानची जीभ. मी त्यांना विचारलं, "आपको शक नहीं आया?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आया था. उडने के पहले ही उसने माईक पे इंदौर बोला. मैंने सुना. सोचा, रास्ते में इंदौर लेता होगा. जैसे अपनी गाडी बडनेरा लेती, पुलगाव लेती."

"फिर पूछा क्यों नहीं?"

"तूने ही तो बोला था, पूछना नहीं."

इंदूरला सगळे उतरले तरी ते जागेवर बसून होते, पुढच्या स्टेशनची वाट पाहत. झाडूवाले आत आले, तेव्हा त्यांना उठवलं गेलं. मला वाटत होतं, तिथं त्यांना कोपऱ्यात नेऊन उलटतपासणी झाली असेल. तसं काही झालं नव्हतं. तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्यानं 'बाबूजी, घबराइए मत' म्हणून त्यांना बसवलं, स्वतःच्या फोनवरून मला लावून दिला, रात्री जेवू घातलं, झोपायची सोय केली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईमार्गे नागपूरला पाठवलं. मुंबईत विमान बदलताना एक मुलगी शेवटच्या पायरीपर्यंत सोबत आली. जाताना भाईजाननी त्या पोराला विचारलं होतं, "बेटा, रेल नहीं है क्या?"

लोक चांगले भेटले म्हणून माझी भीती खोटी ठरली, असं मला म्हणायचं नाही. ॲम्स्टरडॅमच्या विमानातले बाराजणही खरे होते. पण त्या भीतीवरचा माझा उपाय चुकीचा होता. मला वाटलं, गप्प बसलेला माणूस सुरक्षित असतो. भाईजान गप्प बसले आणि हजार माणसांच्या गर्दीतून कुणाच्याही लक्षात न येता हरवले. गप्प माणूस कुणाला खटकत नाही हे खरं, पण तो चुकला तर ते कुणाला कळतही नाही. ज्याला ही जागा आपली वाटते, तो बिनधास्त विचारतो. वर्ध्याच्या प्लॅटफॉर्मवर तीन-तीनदा विचारणारे भाईजान आपल्या घरी होते. मी त्यांना एका फोनवर पाहुणं करून टाकलं, आणि पाहुणासुद्धा चोरासारखा वावरणारा.

माझ्या वर्गात असे विद्यार्थी असायचे. मागच्या बाकावरचे, कधी काही न विचारणारे. शांत आहेत, गुणी आहेत, असा शेरा मी त्यांच्या प्रगतिपुस्तकात लिहीत असे. परीक्षेत कळायचं की पहिल्या महिन्यापासूनच ते वेगळ्या गाडीत बसले होते. त्यांतले बरेचसे आपल्याच वस्तीतले असायचे. त्यांना घरून काय सांगून पाठवलं जात असेल, हे मला भाईजानच्या त्या एका वाक्यानंतर कळलं. तोवर माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्या दोन वर्षांत मी तो शेरा पुन्हा लिहिला नाही.

त्या दिवशी बातमीवर हसू ओसरल्यावर मी सुनेला ही हकीकत सांगितली. भाईजान तिथंच तक्क्याला टेकून बसले होते. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "पाटण्याच्या त्या माणसालाही कुणीतरी सांगितलं असेल का रे, गप्प बस म्हणून?"

त्याच वर्षी दिवाळीत ते दुसऱ्यांदा विमानानं मुंबईला गेले. या वेळी मी काहीच सूचना दिली नाही, नागपूरच्या दारापर्यंत सोडलं आणि परत फिरलो. वर्धा रोडला लागलो तोच फोन आला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

"बैठ गया," भाईजान म्हणाले. "नीचे पूछा, सीढी पे पूछा, और बाजूवाली बाई को भी पूछा."

"क्या बोली?"

"बोली, मुंबईच जाते काका, बसा आरामात."