होडीचे पांघरूण

पावसाळा जवळ आला की आमच्या पाचूबंदरात दोन गोष्टी शाकारल्या जात: घर आणि होडी. दोहोंसाठी क्रियापद एकच. जूनच्या आरंभी मोठ्या भरतीला होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायची, तिच्याखाली ओंडके सारायचे, घराला जसे आढे असते तसा एक बांबू तिच्यावर लांबीने बांधायचा आणि दोन्ही अंगांना नारळाच्या झापांचे उतरते छप्पर घालायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत ती त्या छपराखाली विसावा घेई. ‘शाकारणे’ हा शब्द आम्हांला पुन्हा आठवला तो आपल्या किनाऱ्यापासून हजारो मैल दूर, कॅनडातील एका दुकानात उभे असताना. आणि त्याच्यासोबत जे आठवले ते आम्ही पंचेचाळीस वर्षे कुणालाही सांगितले नव्हते.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयतां थोरल्या मुलाकडे, ओन्टारिओ प्रांतातील मिसिसागा शहरी, काही महिन्यांच्या मुक्कामासाठी गेलो. वसईची कितीतरी मुले आज तिकडे स्थायिक झाली आहेत. तेव्हा प्रवासाचे वर्णन करून वाचकांचा वेळ घेत नाही. आम्हांला नवल वाटले ते मुलाच्या घराशेजारी, मेपलच्या झाडाखाली उभ्या असलेल्या होडीचे. सोळा फूट लांबीची, अ‍ॅल्युमिनिअमची, मागे मोटर बसवलेली, कुणाकडून तरी जुनी विकत घेतलेली. तिकडे अशी लहान होडी सहसा बंदरात नांगरून ठेवत नाहीत. ती चाकांच्या ट्रेलरवर चढवलेली असते. सुटीच्या दिवशी मोटारीमागे जोडून ती सरोवरावर न्यायची, दिवसभर गळ टाकून बसायचे आणि सायंकाळी पुन्हा दाराशी आणून उभी करायची. म्हणजे होडी वर्षातून पंधरा-वीस दिवस पाण्यात, आणि उरलेले सारे दिवस उन्हात, पावसात, पानगळीत व बर्फात. आमच्या वडिलांनी होडी सोडली, आम्ही शिक्षकी पेशा पत्करला. आणि तिसऱ्या पिढीने समुद्र नसलेल्या गावात होडी घेतली! आम्हांला गंमत वाटली. खरे सांगायचे तर मनातून बरेही वाटले.

जुन्या मालकाने दिलेले कव्हर फाटून गेले होते. मुलाला नवे घ्यायचे होते. किंमत कित्येकशे डॉलर आहे हे ऐकून आम्ही तत्काळ मनातल्या मनात रुपये मोजले आणि म्हणालो, “अरे, कापडाच्या तुकड्याला एवढे पैसे? ताडपत्री बांधू. आपण कोळ्याची माणसे, दोरीची गाठ आम्हांला शिकवावी लागत नाही.” मुलगा हसला आणि गप्प राहिला. दुकानातून निळी प्लॅस्टिकची ताडपत्री आली, दोरी आली, आणि आम्ही स्वतः घाम गाळून ती होडी बांधली.

जूनमधील एका शनिवारी सिमको सरोवराकडे निघालो. चारशे क्रमांकाच्या महामार्गावर गाडी शंभराच्या वेगाला लागली आणि मागून कुणी मोठा गालिचा झटकावा तसा फडफडाट सुरू झाला. बाजूला थांबण्यास जागा मिळेपर्यंत ताडपत्रीच्या काठावरील धातूच्या कड्या एकामागून एक उपटून निघाल्या होत्या. एक मोठी चिंधी उडून मागच्या गाडीच्या काचेवर गेली. त्या चालकाने करकचून ब्रेक दाबला. देवाच्या दयेने कुणाला काही झाले नाही. होडीच्या कडेचा रंग मात्र ताडपत्रीखाली अडकलेल्या खड्यांनी घासून निघाला होता. आमच्या गाठी शाबूत होत्या. ज्याला त्या बांधल्या होत्या तेच उरले नव्हते. मुलगा एका शब्दानेही बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याने आम्हांला जी टोचणी लागली, तिचे कारण त्याला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मात्र आम्ही या विषयाचा विद्यार्थ्याप्रमाणे अभ्यास केला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. गावातील रस्त्यावर पन्नासाच्या वेगाला जे कापड निमूट बसते, त्याच्यावर शंभराच्या वेगाला चौपट ओढ येते. म्हणून प्रवासात होडीवर राहणारे कव्हर आणि नुसते अंगणात घालायचे कव्हर यांत फरक असतो. काही कव्हरांवर तर ‘ओढून नेण्यासाठी नव्हे’ असे स्पष्ट छापलेलेच असते. घेणाऱ्याने ते वाचावे एवढेच. ओढून नेण्याच्या कव्हराच्या काठात दोरी ओवलेली असते आणि त्या काठाला जागोजागी मजबूत फासे शिवलेले असतात. त्यांतून पट्टे घेऊन ते खाली ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला बकलांनी ताणून बसवायचे, आणि पट्ट्यांची मोकळी टोके चाकात जाणार नाहीत अशी गुंडाळून ठेवायची. निघाल्यावर काही मैलांनी थांबून पट्टे पुन्हा ताणायचे, कारण कापड थोडे सैलावतेच. फाडते ते फडफडणे. कापड चांगले पण सैल असेल तर तेही टिकत नाही.

म्हणून मापाला महत्त्व. होडीची लांबी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजावयाची. फीत काठाच्या वळणावरून फिरवली की माप वाढते आणि कव्हर ढगळ येते. रुंदी जेथे सर्वाधिक असेल तेथे घ्यावयाची. मोटर कव्हराच्या आत घ्यायची की तिला वेगळी टोपी घालायची, हे आधी ठरवायचे. काचेचे कोपरे, दोर बांधण्याचे खुंट अशी टोचणारी ठिकाणे शोधून तेथे आतून जाड अस्तर लावायचे. आमच्या लहानपणी वडील झाप बांधण्यापूर्वी होडीवरून हात फिरवीत, तो याचसाठी असावा.

आणि कापड? ते निवडताना दुकानदाराने आमची परीक्षाच पाहिली. ‘सहाशे डेनिअर’ हे काय प्रकरण आहे म्हणून विचारले, तर कळले की ज्या धाग्याचे नऊ हजार मीटर वजनाला सहाशे ग्रॅम भरतात तो सहाशे डेनिअरचा धागा. आकडा मोठा तेवढा धागा जाड. अ‍ॅक्रिलिकचे कापड उन्हाला उत्तम टिकते आणि त्यातून हवाही खेळते, पण घासण्याला ते नाजूक. पॉलिएस्टर ओढाताणीला बळकट, मात्र उन्हात अ‍ॅक्रिलिकइतके दीर्घायुषी नाही. त्यातही रंगाचे दोन प्रकार. काही कापडे विणून झाल्यावर रंगवतात; काहींत धागा काढण्यापूर्वीच मूळ द्रवात रंग मिसळतात. दुसऱ्या प्रकारचा धागा हळकुंडासारखा, कोठेही मोडा, आत तोच रंग. असे कापड उन्हात विटण्यास वेळ लागतो.

तिसरे कापड होते प्लॅस्टिकचा लेप दिलेले. गुळगुळीत, जाड, चकचकीत. दुकानदाराने त्यावर पेलाभर पाणी ओतून दाखवले. एक थेंब आत गेला नाही. किंमतही बेताची. मुलाचा हात तिकडे गेला आणि आमच्या तोंडून एवढ्या मोठ्याने “ते नको!” निघाले की शेजारची माणसे वळून पाहू लागली.

“का पप्पा? पाणी तर अजिबात शिरत नाही.”

“पाणी शिरत नाही, तसे निघतही नाही,” आम्ही म्हणालो. आणि मग दुकानाबाहेरच्या बाकावर बसून ती हकिकत सांगितली.

१९७७ साली आम्ही कॉलेजात होतो. झापांसाठी झावळ्या पाण्यात भिजत घालणे, मग आईने आणि बहिणींनी ओसरीवर बसून त्या विणणे, हा सारा खटाटोप आम्हांला अडाणीपणाचा वाटू लागला होता. बाजारात जाड काळे प्लॅस्टिक मिळू लागले होते. आम्ही बाबांच्या मागे लागलो. ते म्हणाले, “आत वारा खेळला पाहिजे रे. पावसाचे पाणी गोडे, ते लाकडाला मानवत नाही.” आम्ही त्यांना विज्ञान समजावले: पाणी आत जाणारच नाही, मग गोडे काय नि खारे काय! शिकलेल्या मुलापुढे बाप हरला. आम्ही होडी मुंबईच्या पार्सलासारखी गुंडाळली, दोरांनी आवळली, जमिनीलगतच्या काठावर माती लोटली. त्या वर्षी पौर्णिमेला प्लॅस्टिक काढले तेव्हा कुबट वास आला. बाबांनी नाक आक्रसले. आम्ही दुर्लक्ष केले. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच केले. या खेपेस उघडले तर आतल्या फळ्यांवर पांढरी बुरशी पसरली होती आणि बुडाजवळच्या दोन फळ्यांत बोट रुतले.

आज कारण सांगता येते. होडी ओढून घेतली तेव्हा तिच्या लाकडात ओल होतीच. ती वाफ होऊन वर चढे, प्लॅस्टिकला लागून थेंब होई आणि पुन्हा खाली पडे. समुद्राचे मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालते. हे पाणी मात्र गोडे होते. त्यात उबारा आणि कोंडलेली हवा. आम्ही पाऊस बाहेर ठेवला आणि आत दुसरा पाऊस निर्माण केला. झापांतून कधी चार थेंब गळत, पण वाऱ्याने ते वाळूनही जात.

फळ्या बदलण्याइतका पैसा घरात नव्हता. होडी मोडीत गेली. त्या हंगामात फादर बंदरावर होड्यांना आशीर्वाद देण्यास आले, तेव्हा आमच्या जागी नुसते ओंडके पडले होते. बाबा पुढे दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जात राहिले. आमचे शिक्षण थांबले नाही. ‘मी सांगितले होते’ हे तीन शब्द त्यांनी आम्हांला कधी ऐकवले नाहीत. २००४ साली ते देवाघरी गेले. त्यांची क्षमा मागावी असे कितीदा तरी मनात आले, पण तोंड उघडले नाही.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण पप्पा, आजोबा मला वेगळेच सांगायचे. मी लहानपणी विचारले होते, आपली होडी कुठे गेली? ते म्हणाले, जुनी झाली होती, वाळवीने खाल्ली.”

आम्हांला काही सुचेना. बापाने मुलाच्या चुकीवर पांघरूण घातले होते, आणि तेही नातवासमोर, म्हणजे जेथे आमची मान खाली गेली असती तेथेच. आम्ही मात्र तीच चूक पंचेचाळीस वर्षे काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळून ठेवली होती. आत काय कुजले असेल ते आमचे आम्हांला ठाऊक.

अखेर आम्ही निवडले ते आधीच रंगवलेल्या धाग्याचे पॉलिएस्टर. होडीला ओढाताणही होती आणि वर्षभर उघड्यावर राहणेही होते. दोहोंना पुरेल असा तो मध्यम मार्ग. त्याला वरच्या बाजूस दोन झरोके होते, खालून तोंड असलेले. त्यांतून हवा जाते, पाऊस येत नाही. होडी अ‍ॅल्युमिनिअमची असली तरी तिच्या तळाची बैठक आणि मोटर अडकवण्याची मागची फळी प्लायवूडची होती, म्हणजे कुजण्यास लाकूड होतेच.

ऑक्टोबरमध्ये निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी मिळून ती होडी हिवाळ्यासाठी शाकारली. प्रथम बुडाचे बूच काढले. ओन्टारिओत १ जानेवारी २०२२ पासून होडी रस्त्याने नेण्यापूर्वी बूच काढून पाणी सोडणे आणि चिकटलेल्या वनस्पती काढणे कायद्यानेच बंधनकारक आहे, एका सरोवरातील उपद्रवी जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. अंगणात मात्र ते पाणी साचू नये म्हणून काढायचे. नाळेकडची बाजू उंच केली. मग दोन दिवस होडी उघडी ठेवून खडखडीत वाळू दिली. मधोमध काठ्या उभ्या करून त्यांवर लांब पट्टा ताणला, म्हणजे आढे झाले. कापडाला खोलगट जागा राहिली तर तेथे पाणी साचते: एक चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर किलोचा भार, ओले बर्फही काही हलके नसते. दोन्ही अंगांना उतार आला तेव्हाच कव्हर घातले.

मुलगा पट्टे ताणीत होता. एक पट्टा त्याने जरा अधिकच आवळला. आम्ही म्हणालो, “वारा खेळू दे रे आत.” बोलल्यावर ध्यानात आले की वाक्य आमचे नव्हते.

जानेवारीत त्याचा फोन आला. बर्फ मऊ झाडूने लोटून कव्हराखाली हात घातला होता म्हणे. “कोरडे आहे, पप्पा.” आम्ही त्या सायंकाळी बंदरावर फिरावयास गेलो आणि जेथे आमची होडी उभी असे तेथे थोडा वेळ थांबलो. बाबांना जे सांगावयाचे राहिले होते, ते तेथे उभे राहून सांगितले.