नातवाच्या ताटाविषयी

पुणे,
१२ एप्रिल २०२५

ती. आईंस,


मुलांच्या परीक्षा या महिनाअखेर संपतील. ३ मेला शनिवारी सकाळी आम्ही चौघं मंगळवेढ्याला यायला निघू. मुलं या वेळी महिनाभर तुमच्याकडे राहणार आहेत. हे फोनवर सांगता आलं असतं. पण दिवाळीपासून फोनवर आपल्या दोघींचं बोलणं पाऊसपाणी आणि तुमच्या गुडघ्याची औषधं यांपुढे जात नाही. "छोटू जेवला का?" एवढं तुम्ही विचारता. काय जेवला, हे मात्र विचारत नाही. म्हणून लिहायला बसले.

भाऊबीजेच्या दुपारी तुम्ही शेंगापोळीचा तुकडा त्याच्या तोंडात घातलात. रुपयाएवढा होता. रात्री उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा यायला लागल्या, आणि पुढचे तीन दिवस पोर पोट धरून होतं. त्या रात्री परसदारी मी तुम्हाला जे बोलले ते इथं परत लिहीत नाही. तुम्ही प्रेमानं दिलंत हे दिसत असूनही बोलले. आई, त्याची मी मनापासून माफी मागते.

आम्ही निघेपर्यंत मग तुम्ही त्याला साधं केळंही आपल्या हातानं दिलं नाहीत. "तूच दे गं बाई, माझ्या हाताचा भरवसा नाही," म्हणालात. ज्या हाताचं खाऊन या घरातली चार पोरं वाढली, त्या हाताबद्दल तुम्ही असं बोललात. ते पाच महिने माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तुमचं चुकलं कुठे, ते मला आता कळतंय. तीन वर्षांपूर्वी, त्याच्या चौथ्या वर्षी हे दुखणं कळलं तेव्हा डॉक्टरांनी गव्हाबरोबर दूधही बंद केलं होतं. आठ महिन्यांनी दूध परत सुरू झालं. मग तुम्ही हिशोब केलात की दूध आलं तसा एक दिवस गहूही येईल, घासाघासानं सवय लावली तर लवकर येईल. हिशोब शहाण्या माणसाचाच होता. आम्ही तुम्हाला दोन्हींतला फरक नीट समजावलाच नाही, ही चूक आमची.

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं ते असं. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते. खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो ताण येतो, पोळी जी पातळ लाटली जाते, ती त्याच्यामुळे. छोटूच्या अंगाला हे प्रथिन शत्रू वाटतं. त्याच्याशी लढताना अंग आपल्याच आतड्यावर हल्ला करतं आणि ती लव झडून जाते. या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. लव झडली की दूध पचवणारा रसही तयार होत नाही, म्हणून तेव्हा दूध बाधत होतं. लव भरून आली, दूध पचायला लागलं. गव्हाचं तसं नाही. गहू पोटात गेला की लव पुन्हा झडायला लागते, मग तो सातव्या वर्षी जाऊ दे नाहीतर सत्तराव्या. मोठा झाला तरी हे जाणार नाही. यावर औषध नाही, पथ्य हेच औषध.

दुखणं कळायच्या आधी त्याचे हातपाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. आम्ही जंताचं औषध दिलं, लोहाच्या बाटल्या संपवल्या, तुम्ही दृष्ट काढलीत. एका डॉक्टरांनी तर मी नोकरी करते म्हणून मुलाची आबाळ होते, असं तोंडावर सांगितलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी केली आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, असंही त्यांनी बजावलं होतं, कारण आधीच बंद केला तर तपासणीत काही दिसतच नाही. पोराला त्रास होतोय हे कळत असताना ते आठ दिवस त्याला पोळी भरवली. आई म्हणून तेवढं जड मला दुसरं काही गेलं नाही.

"एवढ्याशानं काय होतंय?" हे मला गेल्या तीन वर्षांत लग्नात, बारशात, शेजारी, ऑफिसात सगळ्यांनी विचारलंय. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. एका मध्यम पोळीत अडीचेक ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज पन्नास मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतडं बिघडतं, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा. शेंगापोळीचा तो तुकडा त्याहून मोठा होता. दर वेळी उलटी होईल असंही नाही. कधी बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत लव झडत राहते. वाढ खुंटते, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात.

पथ्य सुरू करूनही पहिले सहा महिने त्याचा रिपोर्ट सुधारेना. घरात पोळी नाही, पाव नाही, बिस्किट नाही, तरी नाही. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा काढायला लावला. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. बाजारातला बांधणी हिंग पुष्कळदा पिठात कालवलेला असतो. आणि ज्वारी आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणत होतो, तिथे आधीचा घाणा गव्हाचा. पांढऱ्याशुभ्र भाकरीतून आम्ही त्याला रोज गहू घालत होतो आणि पथ्य पाळतोय असं समजत होतो. त्यानंतर घरघंटी घेतली, हिंग बंद केला. चार महिन्यांत पोराच्या गालावर रंग आला.

आता मला जे सांगायचंय ते. तुम्ही मागे सांगितलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही पंधरा वर्षांच्या होतात, खडी फोडायला जात होतात आणि रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी खात होतात. तुम्ही सून होऊन आलात तेव्हाही या घरात पोळी सणाला आणि जावयाला. तुमचा मुलगा नोकरीला पुण्यात आला तेव्हा, "माझं लेकरू आता रोज पोळी खातं," असं तुम्ही गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतंत. त्या बोलण्यामागे किती वर्षांची भूक होती, हे मला उशिरा कळलं. नातवाला पोळी मिळत नाही म्हणजे घर परत मागे गेलं, असं तुम्हाला वाटत असणार.

डॉक्टरांकडून ऐकलेली एक हकिकत सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली. पावाचा तुकडा मिळेना. तिथे विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना या आजारात गव्हाचा संशय आधीपासून होता. सगळं गाव वाळत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आज जगभर छोटूसारखी मुलं जगतात ती त्या माणसाच्या नजरेमुळे. हे ऐकताना मला तुमचं खडी फोडण्याचं बहात्तर साल आठवलं. दुष्काळात जे खावं लागलं म्हणून तुम्हाला कमीपणा वाटत आला, ते छोटूचं धड अन्न आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, तांदूळ, कशातही ग्लूटेन नाही. २०२३ साल जगानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली त्या गावचा हा नातू आहे. त्याला खायला काय घालायचं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

भाकरी मी तुमच्याकडूनच शिकले. पहिल्या भाकऱ्या थापताना कडेला चिरा जायच्या. तुम्ही माझा हात धरून पीठ मळायला लावलंत, आधणाचं पाणी, तळहाताच्या टाचेनं दाब, आणि "पाण्याला भिऊ नकोस" म्हणालात. आता माझी भाकरी फुगते. पण पापुद्रा तुमच्यासारखा सुटत नाही. छोटू तो पापुद्रा अलगद सोलतो, आत शेंगाचटणी आणि तूप घालतो, परत झाकतो आणि म्हणतो, "आजीची याहून पातळ असते."

थोरलीबद्दलही लिहायचंय. अकरा वर्षांची पोर, तिला काही झालेलं नाही म्हणून आमचं लक्ष तिच्याकडून सुटलं. सख्ख्या भावंडांत दहातल्या एकाला हा आजार निघू शकतो, म्हणून तिचीही तपासणी केली. काही निघालं नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ती मात्र गप्प होती. मग तिच्या दप्तरातल्या कंपासपेटीत बिस्किटाचा कागद सापडला. शाळेतून आल्यावर ती जिन्यात बसून बिस्किटं खायची, हात पुसायची आणि मग घरात यायची. छोटूला दिसू नये म्हणून. मी तिला रागावले नाही. आम्ही घरातला गहू काढून टाकला तेव्हा तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. लहान असताना दोघंही माझ्या पोळपाटाशी बसून कणकेच्या चिमण्या करायची. आता तांदळाच्या उकडीच्या करतात. उकडीची चोच टिकत नाही, ती वाळून गळते. थोरली ती पाणी लावून परत चिकटवते आणि भावाच्या हातात देते.

म्हणून तुमच्याकडे आल्यावर एक दिवस तिला पुरणपोळी करून घाला. चोरून नको, सगळ्यांसमोर, पंक्तीत. छोटूला त्याच पुरणाची वाटी द्या, वर तुपाची धार, आणि कटाची आमटी, फक्त हिंगाशिवाय. पुरणाची डाळ शिजवून, वाटून, त्याचं आधी बाजूला काढा आणि मग कणीक मळायला घ्या. ताईला पोळी आणि मला वाटी, याचं त्याला वाईट वाटत नाही. सगळे एकदम गप्प झाले की वाईट वाटतं. कुणी "बिचारा" म्हटलं की वाटतं. गल्लीतल्या बायकांनाही तेवढं सांगाल का?

तो आता स्वतःच सांगतो, "मला गहू चालत नाही." मोठ्यांनी दिलेलं नाकारू नये, ताटात आलेलं टाकू नये, असं आपण मुलांना शिकवतो. याला मात्र नाही म्हणायला शिकवावं लागलं. त्यानं तुमच्यासमोर हात मागे घेतला तर ते उर्मटपणा समजू नका.

बाकी फार अवघड नाही. त्याचा तवा, लाटणं, चाळणी मी आणते. तुमची काठवट लाकडाची आहे आणि तिच्यात कणीकही मळली जाते, म्हणून त्याच्या भाकरीला माझी स्टीलची परात घ्या. तुपाच्या भांड्यात पोळीला लावलेला चमचा परत जाऊ देऊ नका. धपाट्याचं पीठ फक्त ज्वारी-बेसनाचं ठेवू, बेसनाची डाळही घरीच दळू. भाजणीच्या थालीपिठात गहू असतो, ते नको. देवळातला शिरा प्रसाद म्हणून कपाळाला लावायचा आणि ताईला द्यायचा. ८ मेच्या एकादशीला मात्र काळजी करू नका, साबुदाणा, वरी, शिंगाडा, राजगिरा, सगळंच त्याला चालतं. तुमच्याबरोबर उपास धरायचा म्हणून तो आतापासून दिवस मोजतोय.

पीठ मी इथून आणणार नाही. महिनाभर ठेवलं तर विरी जाते, हे तुम्हीच सांगितलंय. गाडीत घरघंटी घालून आणतोय, ती माजघरात जात्याशेजारी राहील. घरच्या मालदांडीची पायलीभर ज्वारी निवडून ठेवा. गिरणीत देऊ नका. दळण तुमच्यासमोर होईल, आणि ३ तारखेच्या रात्रीची पहिली भाकरी तुम्ही थापायची, पहिला घास तुमच्या हातानं द्यायचा.

आपली सून